सहा मीटरची तूट : इंदूरच्या इंडस-२ वर लढलेला एक वाद

"ध्वनीचा वेग ओलांडता येणार नाही, असंही एके काळी म्हणत होतेच की. १९४७ साली ओलांडला. प्रकाशाचाही ओलांडतील. तुमच्या सापेक्षतेचा अर्थ एवढाच, की अजून कुणाला जमलेलं नाही."

हे मत इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या एका निवृत्त विद्युत अभियंत्यांचं. सगळी नोकरी वीज मंडळात, मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या संगतीत गेली. त्यामुळे जी गोष्ट मीटरवर दाखवता येत नाही, तिच्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. समोर त्यांची बारावीतली पुतणी. ती माझ्याकडे फिजिक्सच्या शिकवणीला येते, आणि वाद घरात मिटेना म्हणून दोघंही माझ्याकडे आले. पुढे त्यांना काका आणि पुतणी एवढंच म्हणतो.

प्रकरण लिहून काढायचं कारण काकांचा दुसरा आक्षेप. तो असा होता की ही मर्यादा निसर्गाची नसून आपल्या ढकलण्याच्या पद्धतीची आहे. आक्षेप अस्सल आहे, अभियंत्यालाच सुचावा असा आहे, आणि शिकवणीच्या पुस्तकांत मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. उत्तर सापडलं ते राजेंद्रनगरापासून हाकेच्या अंतरावर.

ध्वनीचं आधी उरकून घेऊ. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगरने बेल एक्स-१ विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला, हे खरं. पण बंदुकीची गोळी त्याच्या कितीतरी आधीपासून ध्वनीपेक्षा वेगाने जात होती, आणि चाबूक फटकारला की जो आवाज येतो तो त्याच्या टोकाने ध्वनीला मागे टाकल्याचाच असतो. विमानाची अडचण पंख, सुकाणू आणि इंजिन यांची होती. भौतिकशास्त्राच्या कुठल्याही नियमाने त्याला अडवलेलं नव्हतं. प्रकाशाच्या बाबतीत अशी एकही "गोळी" कुणी दाखवलेली नाही. काकांनी हा मुद्दा फारसा ताणला नाही. त्यांचा खरा दारूगोळा पुढे होता.

यंत्र

राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. २००५ मध्ये नाव बदललं तरी इंदूरकर अजून त्याला कॅटच (जुन्या 'सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी' या नावाचं लघुरूप) म्हणतात. १९८४ साली सुखनिवास भागात याची पायाभरणी झाली. आत दोन सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वर्तुळात वेगाने फिरवणारी यंत्रं, आहेत: धाकटा इंडस-१ आणि थोरला इंडस-२. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना आत जाऊन पाहता येतं. पुतणी तशीच गेली होती आणि वहीत काही आकडे उतरवून घेऊन आली. वादाची ठिणगी त्या आकड्यांनी टाकली.

इंडस-२ ही १७२.४७ मीटर परिघाची बंद नळी, आतून हवा काढून घेतलेली. तिच्यात इलेक्ट्रॉनांचे गुच्छ फिरत राहतात. इलेक्ट्रॉन आधी मायक्रोट्रॉन नावाच्या लहान यंत्रात तयार होतात, तिथे त्यांना २० एमईव्ही, म्हणजे दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एवढी ऊर्जा मिळते. मग बूस्टर या मधल्या यंत्रात ती ५५० एमईव्ही होते. एवढ्या ऊर्जेने ते मोठ्या कड्यात शिरतात आणि तिथे त्यांना २५०० एमईव्हीपर्यंत चढवलं जातं. ढकलण्याचं काम रेडिओ लहरी करतात, सेकंदाला ५०.५८ कोटी कंपनं या वारंवारतेने. वळवण्याचं काम १६ मोठी चुंबकं करतात.

पुतणीने घरी आल्यावर सांगितलेलं वाक्य असं होतं: "काका, ऊर्जा साडेचारपट होते, पण फ्रीक्वेन्सी तीच राहते."

काका म्हणाले, "शक्य नाही. तू काहीतरी चुकीचं उतरवून आणलंयस."

काकांचं म्हणणं शाळेतल्या सूत्राने अगदी बरोबर आहे. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या भाषेत ०.५११ एमईव्ही. या सूत्रात ५५० घातले तर इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ४६ पट निघतो. २५०० घातले तर ९९ पट. म्हणजे ऊर्जा चढवताना इलेक्ट्रॉनचा वेग दुपटीहून जास्त वाढायला हवा, फेऱ्या तितक्याच भराभर व्हायला हव्यात, आणि ढकलणाऱ्या लहरींची वारंवारताही त्याच प्रमाणात वाढवत न्यायला हवी. नाहीतर धक्का चुकीच्या क्षणी बसेल आणि गुच्छ विस्कटून जाईल. मोटारीशी आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? कड्याच्या एका फेरीत या रेडिओ लहरींच्या २९१ लाटा बसतात. ५०.५८ कोटीला २९१ ने भागलं की सेकंदाला १७.३८ लाख फेऱ्या मिळतात. एक फेरी १७२.४७ मीटरची. गुणाकार केला की सेकंदाला २ लाख ९९ हजार ७०० किलोमीटरच्या पुढचा आकडा येतो. प्रकाशाचा वेग २,९९,७९२.४५८ किलोमीटर, जो थोडा फरक दिसतो तो आपण दशांश कापल्याचा आहे. हा वेग ५५० ला जेवढा, तेवढाच २५०० ला. न्यूटनचं सूत्र सुरुवातीलाच आठ कोटी फेऱ्या मागत होतं.

काकांनी कॅल्क्युलेटर मागून घेतला, स्वतः करून पाहिलं, आणि थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी जो आक्षेप काढला, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

स्लिप

"मास्तर, इंडक्शन मोटार घ्या. चार पोलची, पन्नास हर्ट्झवर. चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतं. रोटर किती फिरतो? १४४०. तुम्ही लोड काढा, १४९० होईल, १४९५ होईल. १५०० कधीच होणार नाही. का? कारण त्याला ढकलणारं क्षेत्रच १५०० ने फिरतंय. रोटर त्या वेगाला पोचला की करंट शून्य, जोर शून्य. आता मी रोटरमध्ये बसून म्हणालो, की १५०० ही विश्वाची परम मर्यादा आहे, तर तुम्ही मला हसाल. इलेक्ट्रॉनला तुम्ही विद्युतक्षेत्राने ढकलताय, आणि ते क्षेत्र प्रकाशाच्या वेगाने जातं. मग इलेक्ट्रॉन त्याच्यापुढे कसा जाईल? ही नुसती स्लिप आहे!"

स्लिप म्हणजे फिरत्या क्षेत्राच्या मागे रोटर जेवढा रेंगाळतो तेवढा फरक. यावर मी लगेच काही बोललो नाही. मुद्दा बिनतोड वाटतो. प्रकाशाचा वेग हा ढकलणाऱ्याचा वेग आहे, ढकलला जाणारा त्याच्या मागेच राहणार, यात नवल ते काय? अशी मर्यादा उद्या दुसऱ्या एखाद्या ढकलणाऱ्याने मोडता येईल. आणि खरंच, त्याच मोटारीचा रोटर बाहेरून टर्बाइनने फिरवला तर १५०० च्या पुढे जातो आणि उलट ग्रिडला वीज देऊ लागतो. काकांनी हे सांगायलाही कमी केलं नाही.

पण काकांच्या उदाहरणातच त्याची परीक्षाही दडलेली आहे. रोटर १५०० च्या जवळ गेला की तो वीज घेणं थांबवतो. अँमीटर खाली येतो. स्लिप असेल, तर ऊर्जा पोचणं बंद व्हायला हवं. तेव्हा विचारायचा प्रश्न एवढाच: प्रकाशाच्या वेगाजवळ पोचलेला इलेक्ट्रॉन ऊर्जा घेणं बंद करतो का?

इंडस-२ मध्ये याचा अँमीटर म्हणजे वळवणारी चुंबकं. फिरत्या कणाला ठरलेल्या वर्तुळात धरून ठेवायला किती चुंबकीय क्षेत्र लागेल, हे त्या कणाच्या संवेगावर (मोमेंटमवर) ठरतं. इंडस-२ मध्ये वळणाची त्रिज्या ५.५५ मीटर. २५०० एमईव्हीला क्षेत्र लागतं १.५ टेस्ला. ५५० ला लागतं ०.३३ टेस्ला. म्हणजे ऊर्जा चढवताना चुंबकांतलं क्षेत्र साडेचारपट वाढवत न्यावं लागतं. वाढवलं नाही, तर इलेक्ट्रॉन बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळतील. ज्याने ऊर्जा घेणं थांबवलंय, त्याला आवरायला साडेचारपट जोर कशाला लागेल?

पुतणीने इथे एक बारीक गोष्ट पकडली, जी माझ्याही बोलण्यात आली नव्हती. चुंबक वाढवावं लागतं याचं कारण वेग वाढला असंही कुणी म्हणू शकेल. न्यूटनच्या हिशेबाने वेग २.१३ पट वाढतो, म्हणजे क्षेत्रही २.१३ पट वाढवून भागायला हवं. ०.३३ चं ०.७ टेस्ला झालं की पुरे. प्रत्यक्षात १.५ लागतं. शिवाय फेरीचा वेळ बदलतच नाही. दोन वेगवेगळी मापं, एक घड्याळाचं आणि एक चुंबकाचं. दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात: ऊर्जा जातेय, संवेग वाढतोय, वेग जागच्या जागी आहे.

तिसरं मापही आहे, आणि इंडस-२ बांधलंय ते मुळात त्याच्यासाठीच. वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो, क्ष-किरणांपर्यंतचा, आणि हा प्रकाश वापरूनच तिथे पदार्थांच्या रचनेचे प्रयोग चालतात. ५५० एमईव्हीला एक इलेक्ट्रॉन एका फेरीत साधारण दीड हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा अशी उधळतो. २५०० ला ६ लाख २० हजारांच्या वर. चारशेपटीहून जास्त. हा खर्च रेडिओ लहरींना दर फेरीत भरून द्यावा लागतो, नाहीतर गुच्छ काही क्षणांत नाहीसा होईल. रोटर सिंक्रोनस वेगाला पोचून स्वस्थ बसलाय, असं म्हणायला इथे वाव नाही. तो पूर्ण लोडवर आहे.

काकांची मागणी आणि १९६४ चा प्रयोग

काका पटले, पण अर्धेच. "हे सगळं तुम्ही चुंबकावरून काढताय. चुंबकाचं सूत्र मी तुमच्या विश्वासावर घ्यायचं. ऊर्जा पोचली म्हणता ना, मग ती उष्णतेत मोजून दाखवा. हीटरचं बिल लागतं तसं."

वीज मंडळातल्या माणसाने मागावं ते नेमकं हेच, आणि ते केलेलंही आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत विल्यम बर्टोझी यांनी केलेला हा प्रयोग १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांडणी इतकी साधी, की सूत्रांवरचा विश्वास जवळजवळ लागतच नाही.

इलेक्ट्रॉनांचा एक छोटा झोत ८.४ मीटर लांबीच्या निर्वात नळीतून सोडायचा. सुरुवातीला एक खूण, शेवटी दुसरी, आणि दोन्हींच्या मधला वेळ ऑसिलोस्कोपवर वाचायचा. प्रकाशाला हे अंतर कापायला २८ नॅनोसेकंद लागतात. मग झोताची ऊर्जा वाढवत जायची: अर्धा एमईव्ही, एक, दीड, साडेचार आणि शेवटी पंधरा.

अर्ध्या एमईव्हीला न्यूटनच्या हिशेबाने इलेक्ट्रॉन २० नॅनोसेकंदांत पोचायला हवा, म्हणजे प्रकाशाच्या आधी. तो पोचतो साधारण ३२ नॅनोसेकंदांत. ऊर्जा तीसपट करून पंधरा एमईव्ही केली, तर न्यूटनला पावणेचार नॅनोसेकंद पुरतात. इलेक्ट्रॉनला मात्र २८ लागतात, मोजमापाच्या मर्यादेत प्रकाशाइतकेच. ऊर्जा तीसपट होऊनही चारच नॅनोसेकंद वाचले.

आता काकांची उष्णता. बर्टोझींनी शेवटाला ॲल्युमिनियमची चकती ठेवली होती. इलेक्ट्रॉन तिच्यावर आदळून थांबायचे, चकती तापायची, आणि तापमान थर्मोकपलने (तापमान विजेच्या व्होल्टेजवरून दाखवणाऱ्या तारांच्या जोडीने) मोजलं जायचं. किती इलेक्ट्रॉन आदळले हे विद्युतभारावरून कळायचं. उष्णतेला संख्येने भागलं की दर इलेक्ट्रॉनमागची ऊर्जा हातात येते, कुठल्याही चुंबकाविना, कुठल्याही सापेक्षतेविना. दीड आणि साडेचार एमईव्हीला ही तपासणी केली. चकतीत जमा झालेली उष्णता यंत्राने दिलेल्या ऊर्जेशी मेळ खाणारी निघाली. साडेचारला चकती दीडच्या साधारण तिप्पट तापली, वेग मात्र चार-पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढला नाही.

काकांनी थर्मोकपल हा शब्द ऐकल्यावर मान डोलावली. माझ्या मते स्लिपचा आक्षेप तिथेच संपला. विद्युतक्षेत्राने ऊर्जा द्यायची थांबवली असती, तर चकती थंड राहिली असती.

तूट

"मग तो प्रकाशाच्या किती मागे आहे, ते तरी सांगा," काका म्हणाले. हा हिशेब करताना पुतणीला जास्त मजा आली, आणि मलाही.

वेग किती वाढला हे विचारण्यापेक्षा प्रकाशाशी तूट किती उरली हे विचारलं की चित्र स्वच्छ दिसतं. मायक्रोट्रॉनमधून २० एमईव्हीला निघालेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सेकंदाला ९५ किलोमीटरच्या आसपास मागे असतो. ५५० ला ही तूट सेकंदाला १२९ मीटर. २५०० ला ६.३ मीटर. म्हणजे इंडस-२ मध्ये ऊर्जा साडेचारपट चढवून इलेक्ट्रॉनच्या वेगात भर पडते ती सेकंदाला अवघ्या १२३ मीटरची, तीस कोटी मीटरांवर. वारंवारता जागची हलवावी लागत नाही, त्याचं कारण हे. काटेकोर व्हायचंच तर ती ५०.५८ कोटींत २०० कंपनांच्या आसपास सरकवावी लागेल, नाहीतर फेरी मिलिमीटरच्या सात शतांशाने लांब धरावी लागेल. लोखंडाची एवढ्याच लांबीची पट्टी एका अंशाने तापली तरी दोन मिलिमीटर वाढते.

ही सहा मीटरची तूट भरून काढता येईल का? इथे प्रमाण क्रूर आहे. ऊर्जा दसपट केली की तूट शंभराव्या भागावर येते, शून्यावर कधीच येत नाही. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये २७ किलोमीटर परिघाचं एलईपी हे यंत्र २००० सालापर्यंत चालू होतं. त्यात इलेक्ट्रॉन १०४.५ जीईव्हीपर्यंत (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), म्हणजे इंडस-२ च्या बेचाळीसपट ऊर्जेपर्यंत नेले गेले. तूट उरली सेकंदाला साडेतीन मिलिमीटरहून किंचित जास्त. त्याच बोगद्यात आज एलएचसी हे प्रोटॉन फिरवणारं यंत्र आहे. त्यातले प्रोटॉन कितीतरी जास्त ऊर्जेचे, पण प्रोटॉन जड, म्हणून तूट तीन मीटरच्या जवळपास. (एलएचसीच्या चुंबकांखाली त्यांना नेमक्या जागी बसवणारे सात हजारांच्या घरातले जॅक आहेत, ती भारताची भर, आणि तिचं काम आपल्या कॅटने पाहिलं. इंदूरकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

"परम" म्हणजे नक्की कशाला लागू?

इथपर्यंत वस्तुमान असलेल्या कणाची गोष्ट झाली. काकांनी मग मोर्चा वळवला. "बरं, इलेक्ट्रॉन नाही जात. पण प्रकाशापेक्षा जलद जाणाऱ्या गोष्टी आहेतच ना?" आणि त्यांनी एकामागून एक काढायला सुरुवात केली.

यातल्या बऱ्याचशा लवकर निकालात निघतात. पाण्यात प्रकाश मंदावतो, सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर होतो. तिथे इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकतो, आणि अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारी निळी झाक त्यातूनच येते. पण मर्यादा निर्वातातल्या वेगाची आहे, ती इलेक्ट्रॉनने तिथेही पाळलेली असते. लेसरचा ठिपका चंद्रावर सर्रकन फिरवला तर तो प्रकाशापेक्षा जलद सरकतो, पण एका जागच्या ठिपक्यातून दुसऱ्या जागच्या ठिपक्याकडे काहीही गेलेलं नसतं. धातूच्या तरंगनळीत लाटेच्या शिखरांचा वेग प्रकाशाहून जास्त असतो, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि सिग्नल त्याच नळीतून प्रकाशाहून हळू जातो, हेही. गुंतलेल्या कणांवर (क्वांटम नियमांनी एकमेकांशी जोडल्या गेलेल्या कणांच्या जोडीवर) एकीकडे माप घेतलं की दुसरीकडचा निकाल त्याच्याशी जुळलेला मिळतो, पण त्यातून निरोप पाठवता येत नाही, कारण कुठला निकाल येईल हे आपल्या हाती नसतं.

दूरच्या आकाशगंगांचा मुद्दा जरा वेगळा. फार लांबच्या आकाशगंगा आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने दूर जातायत, हे खरं आहे, आणि याला मी पळवाट म्हणणार नाही. तिथे अवकाशच ताणलं जातंय. सापेक्षतेची मर्यादा शेजारून जाणाऱ्या दोन गोष्टींच्या शर्यतीला लागू आहे. कुठलीही आकाशगंगा तिच्याजवळून जाणाऱ्या प्रकाशकिरणाला मागे टाकत नाही.

मग काकांनी मुद्द्याचं विचारलं. "निरोप जाऊ शकत नाही, निरोप जाऊ शकत नाही, हे तुम्ही धोशा लावल्यासारखं म्हणताय. का नाही? कण राहू द्या. उद्या एखादी वेगळीच लहर सापडली, प्रकाशाच्या चौपट वेगाची. काय आभाळ कोसळेल?"

आभाळ कोसळतं, आणि ते आकड्यांत दाखवता येतं. समजा इंदूरहून बारा वाजता चौपट वेगाने निरोप सुटला. गुरू आणि शनी यांच्या कक्षांच्या मधे कुठेतरी, प्रकाशाला एक तास लागेल इतक्या अंतरावर, एक यान प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने आपल्यापासून दूर जातंय. निरोप इंदूरच्या घड्याळाने सव्वाबाराला तिथे पोचेल. यानाची घड्याळं काय म्हणतील? एका घड्याळाची वेळ फिरत्या घड्याळाच्या हिशेबात बदलून देणारं सापेक्षतेचं सूत्र म्हणजे लॉरेंट्झचं सूत्र: १५ मिनिटांतून ०.६ गुणिले ६० (प्रकाशाच्या मिनिटांतलं अंतर) वजा करायचे आणि १.२५ ने (०.६ या वेगामुळे येणाऱ्या गुणकाने) गुणायचं. उत्तर येतं उणे सव्वासव्वीस मिनिटं. म्हणजे यानाच्या हिशेबाने निरोप निघण्याच्या सव्वीस मिनिटं आधी तो पोचला.

"घड्याळांचा घोळ आहे," काका म्हणाले. असता, तर बरं झालं असतं. पण यानाच्या लोकांनी तशाच यंत्राने, त्यांच्या दृष्टीने चौपट वेगाने, लगेच उत्तर धाडलं, तर तेच सूत्र लावून ते इंदूरला पोचतं जवळपास दहा मिनिटं बाराला कमी असताना. प्रश्न विचारला बारा वाजता, उत्तर आलं अकरा पन्नासला. उत्तरात "प्रश्न पाठवू नका" असं लिहिलेलं असेल आणि आपण पाठवलाच नाही, तर ते उत्तर आलं कुठून? चौपटीऐवजी दुसरा कुठलाही प्रकाशाहून मोठा वेग घ्या, पुरेशा वेगाचं यान शोधलं की हाच गोंधळ हजर.

आणि घड्याळांचं हे गणित कागदावरचं नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं त्यांच्या वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ४५ ने पुढे जातात. ३८ चा हा निव्वळ फरक आधीच दुरुस्त केलेला असतो, म्हणून काकांच्या मोबाइलवरचा नकाशा त्यांना बरोबर राजवाड्यावर नेतो. सूत्र मानायचं आणि चौपट वेगाचा निरोपही मानायचा, असं दोन्ही हातांत लाडू धरता येत नाहीत. मला विचाराल तर मर्यादेचा पक्का आधार इथे आहे. इंडस-२ ती दाखवतं. ती मोडली तर काय मोडेल, हे या बारा आणि अकरा पन्नासच्या हिशेबात दिसतं.

शेवटचं अस्त्र

काकांच्या हातात एक कात्रण शिल्लक होतं, २०११ चं. २३ सप्टेंबर २०११ रोजी ऑपेरा या प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं होतं, की सर्नहून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो (जवळजवळ वस्तुमान नसलेले, पदार्थातून सहज आरपार जाणारे कण) प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. त्या वेळी आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांत मोठे मथळे होते.

त्याचं उत्तर पुतणीने स्वतः शोधून आणलं. प्रकाशाला हे अंतर कापायला २.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे न्यूट्रिनो लाखात अडीच भागांनी जलद ठरत होते. आता १९८७ च्या फेब्रुवारीत दिसलेला अतिनवतारा, म्हणजे स्फोट पावलेला तारा, घ्या. तो सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूर. त्याचे न्यूट्रिनो तितकेच जलद असते, तर प्रकाशाच्या चार वर्षं आधी येऊन गेले असते. ते आले तीन-एक तास आधी, आणि त्याचंही कारण वेग हे नव्हतं: स्फोटाचा प्रकाश ताऱ्याच्या थरांतून बाहेर यायला वेळ लागतो, न्यूट्रिनो लगेच निसटतात. त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा ऑपेराच्या न्यूट्रिनोंपेक्षा हजारपटीहून कमी होती, त्यामुळे एवढ्यावर दावा पूर्ण बाद होत नाही, हेही तिने कागदावर लिहिलं होतं. मला ते आवडलं.

दावा बाद झाला तो फायबर केबलच्या एका जोडणीमुळे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कळलं, की जीपीएसची वेळ आणणारी ऑप्टिकल फायबर केबल नीट घट्ट बसलेली नव्हती आणि त्यामुळे सिग्नल उशिरा पोचत होता. घड्याळातही एक दोष होता, तो उलट्या दिशेने चुकत होता. मार्चमध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या इकारस या दुसऱ्या प्रयोगाने न्यूट्रिनोंचा वेग मोजला; तो प्रकाशाइतकाच निघाला. जूनमध्ये ऑपेरानेही तेच सांगितलं.

"लूज कनेक्शन!" काका इतक्या मोठ्याने हसले की आतून काकू बाहेर आल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत निम्म्या तक्रारी याच निघायच्या, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी काय मान्य झालं, ते काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पुतणीच्या वहीत चिकटवलं आहे. शब्द त्यांचे: "निर्वातात, शेजारून जाणाऱ्या प्रकाशाच्या तुलनेत, कुठलीही वस्तू, ऊर्जा वा निरोप पुढे जात नाही, वस्तुमान असलेली वस्तू बरोबरीलाही येत नाही, कितीही ऊर्जा घातली तरी." "शेजारून" हा शब्द आकाशगंगांसाठी, "निर्वातात" पाण्यातल्या निळ्या प्रकाशासाठी, "निरोप" हा लेसरच्या ठिपक्यासाठी आणि गुंतलेल्या कणांसाठी. पुतणीला त्यात सहा मीटरचा आकडा हवा होता. काकांनी तो घालू दिला नाही; म्हणाले, तो इंडस-२ चा आकडा आहे, नियमाचा नाही.